रकान्यातली रेघ

मंगळवार, ४ तारीख
बंदराच्या तोंडाशी, नांगरावर

ठमे,

मी आले आहे. "कशाला आलीस?" असं तू विचारणार, तेव्हा ते विचारलंस असं धरून पुढे लिहिते.

तुझ्या मुलीचं पत्र आलं म्हणून आले. पाच वाक्यं होती. आईला आता फार दिवस नाहीत. हॉस्पिटल बंदरासमोरच आहे. ती तुमचं नाव काढत नाही. मी काढते आहे. जमलं तर या. खाली सही, आणि तारीख घालायची राहिलेली. एकोणतीस वर्षांत भाचीचं पहिलं पत्र, आणि तेही बिनतारखेचं. तुझ्या हाताखाली वाढली, दुसरं काय होणार.

विमानानं एका दिवसात आले असते. पण मागच्या वर्षी फुप्फुसाचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून डॉक्टरनं विमान बंद केलं आहे. हा डॉक्टर मला 'आजी' म्हणतो. दोनदा समज दिली आहे त्याला. मग माझ्या थोरल्या दिरांचा मुलगा म्हणाला, "काकू, आम्ही त्याच बाजूला निघालोय, चला." लोक निवृत्तीनंतर बंगला बांधतात, यानं पन्नाशीतच नोकरी सोडून शिडाची बोट घेतली. बोटीवर सगळ्यांनी आपल्याला कॅप्टन म्हणावं अशी त्याची इच्छा असते. सगळे म्हणजे मी आणि त्याची बायको.

सतरा दिवस लागले. पहिले चार माझ्या पोटात काही ठरलं नाही. झोपायला मिळालेली जागा आमच्या ऑफिसातल्या फायलींच्या कपाटाच्या खालच्या खणाएवढी आहे, तेहेतीस वर्षं जन्म-मृत्यूच्या नोंदी त्या खणात कोंबल्या त्याचा सूड असावा. अडुसष्टाव्या वर्षी मी दोरखंडांमध्ये अडखळत हे सगळं केलं, तुझ्यासाठी. म्हणजे उपकार म्हणून सांगत नाही. माहिती म्हणून सांगते.

बंदर इथून चांगलं दिसतं. डावीकडे तीन क्रेन, त्यातली एक हलताना पाहिलेली नाही. मग गंजक्या पत्र्यांची गोदामं, माडांची एक रांग, आणि रांगेमागे फिकट हिरवी, चार मजल्यांची इमारत, वर पाण्याच्या दोन टाक्या. हॉस्पिटल तेच. दुर्बिणीतून पाहिलं.

कागदपत्रांचं काहीतरी किरकोळ राहिलं आहे. इथल्या लोकांना घाई नावाचा प्रकार माहीत नाही. उद्या सकाळी दहापर्यंत तुझ्यापाशी असेन. हे पत्र एजंट आणून देईल. बाहेरून आलेल्या बोटींची कामं करणारा, तोंडात लवंग धरून बोलणारा माणूस आहे. मी तुझं नाव सांगितलं तर म्हणाला, "शिडवाली? अहो, इथे येणाऱ्या निम्म्या बोटींची शिडं त्यांच्याच हातची. आधी सांगायचं नाही का?" मला उगीचच ऐट वाटली. 

डोक्याखाली दोन उशा घे. आणि मी येईपर्यंत कुणाशी भांडू नकोस.

— ताई


गुरुवार, ६ तारीख

ठमे,

काल दहाला आले नाही हे तुझ्या लक्षात आलं असेलच.

आमच्या डोलकाठीवर पिवळा झेंडा आहे. त्याचा अर्थ मला इथे आल्यावर कळला, तुला तो पंचवीस वर्षं माहीत असणार. तुझ्याच दुकानात शिवलेला निघाला तर मला नवल वाटणार नाही. बोट आली आहे पण बंदरानं तिला आत घेतलेलं नाही. तोवर कुणी उतरायचं नाही, कुणी चढायचं नाही. अधिकारी आणि एजंट तेवढे येणार.

अधिकारी म्हणजे तिशीचा एक माणूस. खिशाला तीन पेनं, त्यातलं एकही उठत नाही. परवा माझं दिलं. आज तो पुन्हा आला तेव्हा मी त्याला माझ्या कॉन्व्हेंटच्या इंग्रजीत सांगितलं, "माझी सख्खी बहीण त्या इमारतीत मरणाच्या दारात आहे. इथून मला तिच्या टाक्या दिसतात."

तो म्हणाला, "मॅडम, कागदोपत्री तुम्ही इथे नाही आहात."

"मग तू आत्ता कुणाशी बोलतो आहेस?"

तो खरंच विचारात पडला. मग म्हणाला, "कॅप्टनशी." कॅप्टन त्या वेळी खाली संडासाचा पंप दुरुस्त करत होता.

कुणीतरी यादीच्या फॉर्ममध्ये काहीतरी लिहिलं, त्यावरून हा घोळ झाला आहे. कुणी, काय, यात जाण्यात अर्थ नाही. वरच्या ऑफिसकडून खुलासा मागवला आहे. 

एजंटबरोबर तुझ्या मुलीचा निरोप आला. तिसरा मजला, डावीकडून चौथी खिडकी, कठड्याला शिडाच्या निळ्या कापडाचा तुकडा बांधला आहे. डावीकडून म्हणजे माझ्या डावीकडून की तुझ्या, हे सांगायला ती विसरली. मी दोन्हीकडून मोजलं. सापडला. दुपारी तीनला रोजचा पाऊस येतो तेव्हा तो दिसेनासा होतो, आणि चारला पुन्हा दिसतो, गडद झालेला.

तुझी खाट खिडकीशी आहे असं एजंट म्हणाला. म्हणजे आमची बोट तुला दिसत असणार. पांढरी, एका काठीची, शेजारच्या मच्छीमारी बोटींपेक्षा उंच. मागे टोपी घालून बसलेली आकृती दिसली तर ती मी. हात करायचा असेल तर कर. मी करणार नाही, इतक्या लांबून वेड्यासारखं दिसतं.

— ताई


शनिवार, ८ तारीख

ठमे,

"कुणीतरी लिहिलं" असं मी परवा म्हटलं. ते मीच.

तुला समोरासमोर सांगायला लागू नये म्हणून लिहूनच टाकते. आम्ही मंगळवारी पोचलो, अधिकारी चढला, आणि पुतण्या व त्याची बायको शीड गुंडाळायला पुढे गेली. फॉर्म टेबलावर होता. बोटीवरच्या माणसांची यादी. पुतण्या — कॅप्टन. बायको — मदतनीस. आणि तिसरी ओळ माझी: वय अडुसष्ट, काम — स्वयंपाकी.

मी तेहेतीस वर्षं सरकारी नोंदवही सांभाळली आहे. सतरा दिवसांत मी त्या बोटीवर एक अंडंही उकडलेलं नाही. माझ्या नावापुढे खोटं लिहिलेलं मी तसंच सोडू? मी पेन घेतलं, 'स्वयंपाकी'वरून एकच सरळ रेघ मारली, वर 'प्रवासी' लिहिलं, बाजूला लहान सही आणि तारीख. आम्ही ऑफिसात करायचो तशी. अधिकाऱ्यानं विचारलं, "मॅडम, तुम्ही प्रवासी म्हणून आलात?" मी म्हटलं, "अर्थात. आणि फुकट आलेली नाही. डिझेलचा माझा वाटा मी दिलेला आहे."

एवढं म्हणेपर्यंत पुतण्या परत आला. त्याचा चेहरा मी विसरणार नाही.

गोष्ट अशी आहे, जी आता मला तोंडपाठ आहे: खाजगी बोटीवर येणारा प्रत्येक जण खलाशी समजला जातो. खलाशाला किनाऱ्यावर जायला साधा पास मिळतो, दहा मिनिटांत. प्रवाशाला व्हिसा लागतो, तो आधी काढावा लागतो, माझ्याकडे नाही. आणि पैसे देणारा प्रवासी असेल तर ती बोट खाजगी राहत नाही, धंद्याची होते, आणि धंद्याचा परवाना पुतण्याकडे नाही. साऱ्या जगात म्हाताऱ्या आत्या, मावश्या, सासवा स्वयंपाकी म्हणून उतरतात आणि कुणाचं काही बिघडत नाही.

"मग मला आधी सांगायला काय झालं होतं?" मी विचारलं.

"सांगितलं होतं, काकू. निघायच्या दिवशीच. तुम्ही म्हणालात, मला शहाणपणा शिकवू नकोस."

मी तसं म्हटलं असेल. माझी वाक्यं मला ओळखू येतात.

त्याची बायको गरीब आहे. गुरुवारी ती हळूच म्हणाली, "काकू, छोटी होडी आहे ना आपली. भरतीला गोदामांमागच्या पायऱ्यांशी सोडते तुम्हाला. तासाभरात भेटून या. कोण बघतंय?" 

मी तिला म्हटलं, "मी चोरासारखी कुठे गेलेली नाही आणि जाणार नाही." वर असंही म्हटलं, की तुमच्या पिढीला कायदा म्हणजे चेष्टा वाटते. ती बिचारी कांदा चिरायला गेली.

तू एका ओळीचंही उत्तर पाठवलेलं नाहीस. हात उचलवत नसेल. मुलीला सांगून पाठवता आलं असतं, पण ते असो. निळा तुकडा आज वाऱ्यानं कठड्याभोवती गुंडाळला होता. कुणीतरी येऊन तो सोडवला. हात तेवढे दिसले.

— ताई


सोमवार, १० तारीख

ठमे,

आज अधिकारी आला नाही. काही करायला नाही, म्हणून जे तू मला एकोणतीस वर्षं विचारलं नाहीस त्याचं उत्तर लिहिते.

तू ऑफिसात आलीस तेव्हा पोर बावीस दिवसांचं होतं. मी खिडकी क्रमांक दोनवर होते. तू रांगेत उभी राहिलीस, स्वतःच्या बहिणीच्या खिडकीपुढे, तुझ्यापुढे सात माणसं होती. मला वाटलं, हा नवा तमाशा. आता वाटतं, तू मला तेवढा वेळ दिलास. सात माणसांचा.

फॉर्म तू भरून आणला होतास. वडिलांचं नाव या रकान्यात त्याचं नाव होतं. लग्नाचा दाखला नव्हता, त्याची सही नव्हती, तो स्वतः तर चार महिन्यांपूर्वीच पसार झालेला. शेजारच्या खिडकीवरचा कारकून तुला ओळखत होता. तो मला हळूच म्हणाला, "बाई, तुम्ही जरा चहा घेऊन या. मी बघतो." 

मी चहाला गेले नाही. मी नियम वाचून दाखवला. तुला, मोठ्यानं, रांगेदेखत. तू म्हणालीस, "ताई, एक नाव आहे फक्त. त्याला द्यायला आणखी काही नाही, तिला घ्यायला आणखी काही नाही." मी नोंदवहीत त्या रकान्यात आडवी रेघ मारली. पट्टी लावून मारली, हे मला आठवतं. लोक हातानं मारायचे.

तू म्हणालीस, "छान आली रेघ." आणि दाखला घेऊन गेलीस. त्यानंतरचं तुझं वाक्य मी ऐकलेलं नाही.

आई गेली तेव्हा तू नऊ वर्षांची होतीस. मी एकवीस. तुझ्या वेण्या घातल्या, तुला पाढे शिकवले, तुझ्या कानाशी घड्याळ धरून तुला झोपवलं. आणि तुझ्या पोटात मूल आहे हे मला पाचव्या महिन्यात दुकानदाराच्या बायकोनं सांगितलं, सुटे पैसे परत करता करता. मला वाटतं त्या दिवशी खिडकीवर नियम बोलत नव्हता. दुकानदाराच्या बायकोसमोर उभी असलेली मी बोलत होते.

पण नियम होता. हेही खरं आहे. नियम होताच.

आता तू म्हणशील ते मी लिहून द्यायला तयार आहे. सख्खी बहीण म्हणून, त्या वेळची नोंद करणारी म्हणून, शपथेवर. तो कोण होता, कुठे राहत होता, सगळं मला माहीत आहे. तुझ्या मुलीला विचार, तिला अजून ते हवं आहे का.

— ताई


बुधवार, १२ तारीख

ठमे,

काल मी खोटं बोलले. तुला ऐकायला आवडेल म्हणून सविस्तर लिहिते.

पुतण्याच्या बायकोनं मला तिचा एप्रन बांधला. अधिकारी आला तेव्हा मी शेगडीपाशी डाव हातात घेऊन उभी होते. पातेल्यात भात होता. मी त्याला म्हटलं, "त्या दिवशी माझी चूक झाली. मी स्वयंपाकीच आहे. वय झालं, डोकं चालत नाही, काय लिहिलं ते कळलं नाही."

डोकं चालत नाही. हे मी माझ्या तोंडानं म्हटलं, ठमे. तुझ्या भाऊजींना मरेपर्यंत माझ्याकडून हे ऐकायचं होतं, सात वर्षांपूर्वी ते तसेच गेले.

अधिकाऱ्यानं पिशवीतून फॉर्म काढला आणि माझ्यापुढे धरला. "मॅडम, हे बघा. खाडाखोड असती, दोनदा गिरवलेलं असतं, शाई फासलेली असती, तर मी चूक म्हणून सोडून दिलं असतं. फॉर्म नवा घेतला असता. पण एक रेघ, सही, तारीख. इतकी स्वच्छ दुरुस्ती मी आमच्या ऑफिसातही पाहिलेली नाही. माझ्या साहेबांनी ती सगळ्यांना दाखवली."

मागे भात लागला. वास त्यालाही आला. जाताना तो म्हणाला, "माझी आईही अशीच आहे." अशी म्हणजे कशी, ते त्यानं सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

तो गेल्यावर मी सूनबाईला म्हटलं, "ती होडी. गोदामांमागच्या पायऱ्या. आज सोडतेस?" ती म्हणाली, "काकू, होडी कस्टमवाल्यांनी सकाळीच ओढून नेली ना. चौकशी पुरी होईपर्यंत. तुम्ही आंघोळीला गेला होतात."

गुरुवारी होडी होती. शुक्रवारी होती. शनिवार, रविवार, सोमवार होती.

आता शेवटचं. सोमवारच्या पत्रात मी "नियम होताच" असं लिहिलं आणि ते लिहिताना मला बरं वाटलं. म्हणून हे लिहिते. त्या नोकरीत मी तीन वेळा वडिलांचं नाव कागदाशिवाय लिहिलं होतं. एकदा भाजीवालीच्या पोरासाठी, ती खिडकीपाशी रडत रडत खाली बसली म्हणून. एकदा एका परिचारिकेसाठी. तिसरी कोण होती आठवत नाही. तिघी परक्या होत्या. दोन तुझ्याआधी, आणि एक तुझ्यानंतर अडीच महिन्यांनी.

तू रडली असतीस तर लिहिलं असतं का, हे मी इथे बसून रोज स्वतःला विचारते. तू रडली नाहीस. तू रांगेत उभी राहिलीस.

तुला उत्तर द्यायचं नसेल तर नको देऊस. खिडकीतून काहीतरी कर. कापडाची गाठ बदल. दुसऱ्या कठड्याला बांध. मला कळेल.

— ताई


शनिवार, १५ तारीख

ठमे,

हे पत्र कुणाच्या हाती द्यायचं ते ठरलेलं नाही. तरी लिहिते, कारण आतापर्यंतची पाचही पत्रं मी आधी कच्ची लिहून मग उतरवून काढली होती. हे कच्चंच आहे.

काल सकाळी सातला दुर्बीण लावली तर कठडा रिकामा होता. मला वाटलं, धुवायला काढला असेल. मग वाटलं, तू माझं ऐकलंस, दुसरीकडे बांधला असशील. मी चारही मजल्यांच्या सगळ्या खिडक्या मोजल्या. पुतण्या चहा घेऊन आला, कप ठेवला, माझ्याशेजारी बसला आणि टोपी काढून मांडीवर ठेवली. तेव्हा मला कळलं.

अकराला एजंटची होडी आली. त्यात तुझी मुलगी होती. होडी आमच्या बोटीला लावायची परवानगी नाही, म्हणून एजंटनं आमचा एक दोर पकडून ती दोन हातांवर धरून ठेवली. मी कठड्याला धरून वर, ती खाली फळीवर बसलेली, मांडीवर पुठ्ठ्याला लावलेला कागद. कपाळ तुझं आहे. हाताच्या कडेला शिडाच्या सुईचे घट्टे आहेत.

"मावशी?"

"हो."

"आई गेली. पहाटे सव्वापाचला."

आणि मी काय म्हटलं सांगू? मी म्हटलं, "वेळ नेमकी कुणी पाहिली?"

"मी."

"लिहून ठेवलीस?"

"हो."

"चांगलं केलंस."

एजंट पाण्याकडे बघत होता. तुझी मुलगी मात्र रागावली नाही. जणू मी असंच काहीतरी म्हणणार हे तिला कुणीतरी सांगून ठेवलं होतं.

"नोंदणीचा फॉर्म आहे," ती म्हणाली. "काही गोष्टी मला माहीत नाहीत. आईची जन्मतारीख तिनं दर वेळी वेगळी सांगितली."

ही तू. मी तारीख सांगितली. जन्माचं ठिकाण सांगितलं. आपल्या वडिलांचं पूर्ण नाव, आईचं माहेरचं नाव. तिनं पुन्हा विचारलं की मी अक्षर अक्षर सुटं करून सांगत होते. तेहेतीस वर्षं मी खिडकीच्या आत होते. माहिती देणारा माणूस बाहेर उभा असतो तेव्हा त्याला काय दिसतं, ते कधी कळलं नव्हतं. त्याला फक्त लिहिणाऱ्याचा भांग दिसतो.

मग ती थांबली. मला माहीत होतं कुठे थांबली. फॉर्म सगळीकडे सारखेच असतात.

मी वाट पाहिली नाही. मी त्याचं नाव सांगितलं, मोठ्यानं, आडनावासकट. "नवऱ्याच्या रकान्यात लिही. मी सही करते. कुणी विचारलं तर मी शपथेवर सांगेन."

तिनं लिहिलं नाही.

"मावशी, तिथे रेघ मारायची आहे."

"कुणी सांगितलं?"

"आईनं. तुमचं सोमवारचं पत्र वाचून दाखवलं तेव्हा. म्हणाली, त्या रकान्यात रेघच मार. आता तिथे तो नको."

"आणि तुला? तुला हवं होतं का ते नाव?"

"शाळेत हवं होतं. नोकरीला लागले तेव्हा हवं होतं." तिनं खांदे उडवले, अगदी तुझ्यासारखे. "आता माझी सही झाली आहे, मावशी. लोक ती ओळखतात."

तिनं रेघ मारली. होडी हलत होती, रेघ वाकडी आली. मी पट्टीचं नाव काढलं नाही.

"बुधवारचं पत्र?" मी विचारलं.

"गुरुवारी संध्याकाळी मिळालं. पण तेव्हा तिला ऐकू जात नव्हतं. मी वाचलं. तिला वाचून दाखवलं, पण ऐकलं की नाही सांगता येणार नाही."

"तिनं मला बोलावलं का? एकदा तरी?"

तुझी मुलगी खोटं बोलू शकली असती. "नाही," ती म्हणाली. मग म्हणाली, "पहिलं पत्र आलं तेव्हा मात्र हसली. तुम्ही लिहिलं होतं, कागदांचं काहीतरी किरकोळ आहे. आई म्हणाली, ताईनं फॉर्म दुरुस्त केला असणार."

"फार हसली?"

"खोकला येईपर्यंत. आणि रोज विचारायची, झेंडा उतरला का. तिला इतक्या लांबचं दिसायचं नाही. मी बघून सांगायचे, अजून नाही."

"गुरुवारीही विचारलं?"

"गुरुवारी सकाळीही."

माहिती देणाऱ्याची सही मी करायला निघाले तर एजंटनं हात वर केला. "नाही चालणार, मॅडम. तुम्ही अजून इथे आलेल्या नाहीत ना." त्यानं ते वाईट वाटून म्हटलं. तुझ्या मुलीनं स्वतः सही केली. खाली तारीख घातली, मला दाखवून.

तिला म्हटलं, माझ्याबरोबर चल. ती म्हणाली, दुकानात दोन शिडं अर्धी शिवून पडली आहेत, त्यांचे मालक सोमवारी निघणार आहेत. तुला काही देऊ का, विचारलं. माझ्याकडे देण्यासारखं काय होतं? मी माझं पेन खाली टाकलं. तिनं ते झेललं. मग एजंटनं दोर सोडला आणि होडी आपोआपच लांब गेली. तिनं मागे वळून हात केला. मी केला. लांबून वेड्यासारखं दिसलं असेल.

आज सकाळी वरच्या ऑफिसचा निर्णय आला. बोटीवर काही कारवाई नाही. प्रवाशाला उतरता येणार नाही. दुपारच्या भरतीला निघून जावं. दंड नाही, शिक्षा नाही. छोटी होडी सही घेऊन परत केली.

अधिकारी निघण्याची यादी घेऊन आला. पुतण्यानं ती भरली, त्याच टेबलावर. मग फॉर्म माझ्यापुढे सरकवला आणि बोट ठेवलं, "काकू, इथे."

ठमे, मी आयुष्यात एकही कागद न वाचता सही केलेली नाही. लग्नाच्या वेळीसुद्धा सगळं वाचून मग केली होती, लोक खोळंबले होते.

त्या अधिकाऱ्याचंच पेन घेतलं. ते उठेना. मी दोनदा झटकलं, आणि जिथे बोट होतं तिथे सही केली. तिसऱ्या ओळीत माझ्या नावापुढे काय लिहिलं आहे ते मी पाहिलं नाही.

— ताई